सासूबाईंसमोर सुनेला विचारू नका : घरातल्या ज्येष्ठांची काळजी आणि आरोग्यसेवा यांवर नर्सिंगचं संशोधन कसं करावं

एम.एस्सी. नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने भरून आणलेले फॉर्म मी एकदा चाळत होते. विषय होता अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांवरचा ताण. एकही रकाना कोरा नाही, अक्षर मोत्यासारखं. पण ताणाचे गुण पाहावेत तर सगळ्या सुना मजेत! वर्षानुवर्षं सासूचं हगणं-मुतणं काढणारी बाई ओळीने सांगतेय, 'कधीच नाही', 'कधीच नाही', 'कधीच नाही'. मी विचारलं, "बसला होतात कुठे?"

"ओसरीवर, मॅडम."

"आणि आजी?"

"तिथेच. बाजेवर."

आता बाजेवरच्या माणसाच्या कानावर जाईल असं खरं उत्तर कोणती सून देईल? प्रबंधासाठी घरोघर फिरणाऱ्या विद्यार्थिनी, त्यांच्या गाईड, उपकेंद्रात काम करता करता काहीतरी नोंदवून ठेवावंसं वाटणारे समुदाय आरोग्य अधिकारी, या सगळ्यांसाठी हे लिहितेय. संख्याशास्त्राची पुस्तकं दुकानात मिळतात. म्हणून इथे ते थोडक्यात आहे आणि उंबऱ्याच्या आतलं काम जास्त.

विषय आधी बारीक करा

"ज्येष्ठांच्या काळजीवाहकांच्या समस्यांचा अभ्यास" हा विषय नाही, ते गोदाम आहे. त्यात कोण, कुठला आजार, कोणती अडचण, यातलं काहीच ठरलेलं नाही. याउलट "अर्धांगवायू होऊन सहा महिने उलटलेल्या माणसाला फेरतपासणीला नेताना घरच्यांना काय काय करावं लागतं, आणि कोणत्या टप्प्यावर ते फेरी सोडून देतात" हा प्रश्न हातात धरता येतो. कुणाकडे जायचं, काय विचारायचं, काय मोजायचं, सगळं त्यातूनच निघतं.

आपल्याकडे प्रबंध म्हटलं की चाळीस-पन्नास जण गोळा करायचे, पूर्वचाचणी घ्यायची, माहितीपुस्तिका द्यायची, सात दिवसांनी उत्तरचाचणी घ्यायची आणि ज्ञान वाढलं असं लिहायचं, ही पायवाट पडली आहे. पुस्तिका वाचल्यावर पुस्तिकेतल्या प्रश्नांची उत्तरं येणारच. तुलनेला दुसरा गट नसेल तर त्यातून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एक नीट केलेला वर्णनात्मक अभ्यास शंभर पटींनी उपयोगाचा. गाईड ऐकणार नसतील तर निदान तुलनेचा गट ठेवू द्या म्हणून हट्ट धरा.

'सेवा मिळते का' हा प्रश्नही फोडायला लागतो. त्यासाठी १९८१ साली पेंचान्स्की आणि थॉमस यांनी मांडलेले पाच भाग अजून कामाला येतात. आपल्या भाषेत ते असे: सेवा आहे का, जवळ आहे का, तिची वेळ आपल्याला जमते का, खर्च झेपतो का, आणि तिथे गेल्यावर माणसाला बरं वाटतं का. २०१३ मध्ये लेव्हेक आणि सहकाऱ्यांनी यात दुसरी बाजू घातली. घरच्यांना गरज कळते का, ते कुठे जायचं हे शोधू शकतात का, पोचू शकतात का, पैसे भरू शकतात का, उपचारात टिकू शकतात का. ज्येष्ठांच्या बाबतीत ही दुसरी बाजूच जास्त बोलते. आजीला दिसेनासं झालंय हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण "वय झालं, आता काय दिसायचंय" म्हणून मोतीबिंदू तसाच राहतो. दवाखाना दोन किलोमीटरवर असून उपयोग नाही.

कोणाला ज्येष्ठ म्हणायचं, कोणाला काळजीवाहक

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात ६० पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ. तीच मर्यादा धरा म्हणजे इतर अभ्यासांशी ताडून बघता येतं. पण वय कळणार कसं? आधार कार्डावर कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीचा असतो. शाळेचा दाखला नसला की तीच तारीख पडते. अशा वेळी घटनांचं कॅलेंडर बरोबर ठेवावं. ७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्लेली आठवते का? तेव्हा तुम्ही खडी फोडायला जात होतात, की आईच्या कडेवर होतात? पुण्याकडे १९६१ चा पानशेतचा पूर, साताऱ्याकडे डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, लातूर-धाराशिवकडे १९९३ चा किल्लारीचा. "भूकंप झाला तेव्हा माझं थोरलं पोर रांगत होतं" एवढं वाक्य मिळालं की दोन-तीन वर्षांच्या फरकाने वय बसवता येतं. वय अंदाजे आहे ही खूण मात्र फॉर्मवर करा.

काळजीवाहक ठरवणं याहून अवघड. "आजींचं कोण बघतं?" असं विचारलं की मुलगा छाती पुढे काढून म्हणतो, "मीच." खर्च तो करतो, त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे. अंघोळ घालणारी, कूस बदलणारी, रात्री तीनदा उठणारी आत भाकऱ्या थापत असते. म्हणून कामं मोजा, माणूस आपोआप सापडतो: काल अंघोळ कोणी घातली, औषधाची गोळी हातात कोणी ठेवली, रात्री हाक कोणाला मारली. गेले तीन महिने यांतली बहुतेक कामं बिनपगारी करणारी व्यक्ती मुख्य काळजीवाहक, अशी व्याख्या सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यातच, लिहून टाका. शहरात ब्युरोतर्फे आलेली मावशी असेल तर तो वेगळा गट. तिचा ताण खराच, पण त्याची जात निराळी. दोन्ही एकत्र मोजू नयेत.

बीड-अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या गावांत आणखी एक पेच. दिवाळीच्या सुमारास जोडपी कारखान्यांवर निघून जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. तिथे आजारी आजोबांचं करणारी कोण, तर ६५ वर्षांची आजी. कधी कधी १२ वर्षांची नात. तुमच्या निकषात 'काळजीवाहकाचं वय १८ ते ६०' असं लिहिलेलं असेल तर अख्खं वास्तव निकषाबाहेर गेलं. अशा गावात अभ्यास कोणत्या महिन्यात करताय हे प्रबंधात ठळकपणे लिहा. जानेवारीतलं आणि जूनमधलं गाव एकच नसतं.

परवानग्या

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची, मान्यता मिळेपर्यंत पायलटसुद्धा (आधीची छोटी चाचणी फेरी) करू नका. कमिटीपुढे जाताना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून जा, कारण प्रश्न त्यातूनच येतात. आपल्या विषयात संमती दोघांची लागते, ज्येष्ठाची वेगळी आणि काळजीवाहकाची वेगळी. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ, वाचता येणारा साक्षीदार हवा. तुमच्याबरोबर आलेली मैत्रीण त्रयस्थ ठरत नाही. शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी चालते.

माहितीपत्रक वाचून दाखवल्यावर "समजलं का?" असं विचारू नका, सगळे मान डोलावतात. "मी आत्ता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं" असं म्हणा. हमखास उत्तर येतं, "तुम्ही पेन्शनसाठी नाव लिहून न्यायला आलात." मग पुन्हा पहिल्यापासून. नर्सच्या गणवेशात गेलात तर हा गैरसमज दुप्पट होतो, आणि नाही म्हटलं तर दवाखान्यात औषध मिळणार नाही ही भीतीही बसते. साध्या कपड्यांत, कॉलेजचं ओळखपत्र लावून जावं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या वतीने घरचे संमती देतात, तरी त्याने हात झटकला, तोंड फिरवलं, तर तोही नकारच.

सापडू नये ते सापडलं तर काय, हेही आधी ठरवा. दंडावर वळ दिसले, बाहेरून कडी लावलेली खोली दिसली, किंवा सून बोलता बोलता म्हणाली की जीव नकोसा झालाय. त्या क्षणी प्रश्नावली बंद. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६. हे क्रमांक छापलेली चिठ्ठी प्रत्येक घरी द्या, म्हणजे एखाद्याच घरी दिली असं दिसत नाही.

साधनं आणि त्यातले शब्द

ज्येष्ठ किती परावलंबी आहे हे मोजायला कॅट्झचा निर्देशांक सोपा पडतो. अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठून दुसरीकडे बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवणं, अशा सहा गोष्टी. त्याच कामाच्या बार्थेल निर्देशांकात दहा बाबी, गुण ० ते १००. पण त्या पलंग, खुर्ची, जिना गृहीत धरून केलेल्या आहेत. आपली आजी जमिनीवरच्या अंथरुणातून उठते आणि उकिडवी बसते. खुर्चीवरून सहज उठणारा माणूस जमिनीवरून उठताना दोघांचा आधार घेतो. काय पाहून गुण दिले ते टीप म्हणून लिहा आणि सगळ्या घरी तोच नियम ठेवा. घरातले-बाहेरचे व्यवहार मोजणाऱ्या लॉटनच्या आठ बाबींमध्ये स्वयंपाक आणि कपडे धुणं आहे. ज्या आजोबांनी जन्मात चहा केला नाही ते तिथे 'असमर्थ' ठरतात. 'येत नाही' आणि 'आता जमत नाही' हे वेगवेगळं लिहा.

ताणासाठी जगभर चालतं ते झारिटचं साधन. १९८० मध्ये २९ प्रश्नांचं होतं, पुढे २२ चं झालं. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८८. ते वापरायला हक्कधारकांची परवानगी मागावी लागते. मागताना मराठी भाषांतर आधीच झालेलं आहे का तेही विचारा. नसेल तर एकाने मराठीत करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत करायचं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून भांडायचं. हे भांडण महत्त्वाचं आहे, ते टाळू नका.

सगळ्यात जास्त भांडण होतं 'ओझं' या शब्दावर. शेवटचा, बाविसावा प्रश्न एकूण किती भार वाटतो असाच आहे. शब्दकोशातून उचलून "तुम्हाला सासूबाईंचं ओझं वाटतं का?" असं विचारलंत की समोरची बाई कानावर हात ठेवते. आपल्याकडे ओझं हा थेट माणसावरचा आरोप आहे. तिला जे होतं त्याला ती दुसरी नावं देते. "ओढाताण होते." "अडकून पडलेय, माहेरी जाऊन दोन वर्षं झाली." "जीव मेटाकुटीला येतो." "कंबर धरते." म्हणून पायलटच्या आधी आठ-दहा जणींशी नुसत्या गप्पा मारा आणि त्यांचे शब्द वहीत उतरवा. "हे सगळं करताना तुमची किती ओढाताण होते?" असा प्रश्न केला की ती थांबते, विचार करते आणि मग उत्तर देते. विदर्भातली बाई आणि कोकणातली बाई एकच शब्द वापरणार नाही. जिथे काम करणार तिथलेच शब्द घ्या. पण परवानगीच्या साधनात बदल केलात तर तो कळवावा लागतो.

उत्तरांच्या पाच पायऱ्यांचंही तसंच. 'क्वचित' आणि 'कधी कधी' यांतला फरक तोंडी विचारताना कळत नाही. मी पाच वाट्या ठेवते. एक रिकामी, एक काठोकाठ, मधल्या तीन चढत्या. ज्वारीच्या दाण्यांनी भरलेल्या. "यातली कुठली?" म्हटलं की बोट बरोबर जातं. हीच पद्धत मग सगळ्यांसाठी ठेवायची, शिकलेल्यांसाठीसुद्धा.

किती जण हवेत

ताण असलेल्यांचं प्रमाण आधी माहीत नसेल तर ५० टक्के धरतात. दहा टक्क्यांची चूक चालत असेल तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले ०.१ चा वर्ग, म्हणजे ९६. चूक पाच टक्क्यांवर आणायची तर ३८४. दहा टक्के लोक गळतील असं धरत असाल तर ९६ ला ०.९ ने भागा, १०७ येतात. एकाच वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे मोजकी गावं निवडून त्यातली घरं घेणार असाल तर संख्या आणखी वाढवावी लागते. संख्याशास्त्राच्या सरांकडे या टप्प्यावर जा, माहिती गोळा करून झाल्यावर नव्हे. यादीसाठी आशाताईंची वही सर्वांत चांगली. पण आशाताई तुम्हाला तिच्याशी गोड बोलणाऱ्या घरांकडे आधी नेते. यादी पूर्ण घ्या, चिठ्ठ्या टाका, आणि निघालेल्या घरी जाच.

प्रत्यक्ष घरी

जोडीने जा. ही एक गोष्ट पाळलीत तर निम्मं काम झालं. पहिली ज्येष्ठाजवळ बसते, बीपी बघते, गोळ्यांची पाकिटं पाहते, जुन्या गोष्टी ऐकते. दुसरी काळजीवाहकाबरोबर आत जाते. चुलीपाशी, मोरीच्या कट्ट्यावर, परसात, जिथे तिचं काम चाललं असेल तिथे. शेंगा फोडत असेल तर चार शेंगा तुम्हीही फोडा. हात चालू असले की बाई बोलते, समोर खुर्ची टाकून पेन उघडलं की गप्प होते.

वेळ तिला विचारून ठरवा. सकाळी नऊच्या आधी आणि बाजाराच्या दिवशी कुठलीच बाई तुमची नाही. दुपारी दोन ते चार बरं, जेवणं आटोपलेली असतात आणि आजींचा डोळा लागलेला असतो. पेरणीच्या आठवड्यात गावात पाऊल टाकू नका.

मुलगा मध्ये येऊन उत्तरं देऊ लागला तर त्याला हाकलता येत नाही. त्याच्यासाठी वेगळा छोटा फॉर्म ठेवा: दवाखान्याचा खर्च, कर्ज, सुट्ट्या. पहिली त्याला घेऊन बसते. त्याचा मान राहतो आणि ती माहितीही लागणारच असते. फॉर्मवर एक रकाना असा हवाच: 'मुलाखतीच्या वेळी ऐकू जाईल अशा अंतरावर कोण होतं?' विश्लेषणात हा रकाना एकट्याने दहा प्रश्नांची उत्तरं देतो. एकांतात मिळालेले गुण आणि माणसांत मिळालेले गुण वेगळे काढून पाहा.

बीपी मोजलंत आणि ते चढलेलं निघालं तर 'मी संशोधक आहे' म्हणून निघून येता येत नाही. पाच मिनिटांनी परत मोजा, चिठ्ठी लिहा, उपकेंद्राला फोन करा. आपण आधी नर्स.

एका फेरीचा हिशेब

सेवा मिळण्याबद्दल "दवाखाना लांब आहे का? होय/नाही" असं विचारू नका. शेवटच्या फेरीची गोष्ट मागा आणि घड्याळ लावून ऐका. घरातून किती वाजता निघालात? फाट्यापर्यंत कसे आलात? एसटीत उचलून कोणी चढवलं? केसपेपरच्या रांगेत कोण उभं राहिलं आणि तोवर आजोबा कुठे बसले? लघवीला कुठे नेलं? रक्त दिलं, रिपोर्ट कधी म्हणाले? परत किती वाजता?

हे विचारलं की कागदावरची सवलत आणि रस्त्यावरचा खर्च यांतलं अंतर दिसतं. महाराष्ट्रात २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे. ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे नाहीत. मग खर्च कुठला? बरोबर जाणाऱ्याचं तिकीट. फाट्यापर्यंतची स्पेशल रिक्षा, कारण एसटीची पायरी चढवत नाही. बाहेरून आणलेलं औषध. आणि सगळ्यात मोठी, बुडालेली मजुरी. सुनेला दवाखान्यातलं कळत नाही असं घरात म्हटलं जात असेल, तर तिच्याबरोबर मुलालाही रजा काढावी लागते, म्हणजे दोघांचा दिवस गेला. हे सगळे रकाने वेगळे ठेवा.

कार्डाबद्दलही नीट विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. पण ते दाखल झाल्यावरचे. दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि ओपीडीच्या फेऱ्या त्यात बसत नाहीत. 'कार्ड आहे का' या प्रश्नाला होय म्हणणारे किती, आणि कार्ड कधी वापरलं हे सांगू शकणारे किती, हे दोन आकडे शेजारी मांडा.

आकडेमोड आणि लिखाण

तोंडी मुलाखतींवर भर असेल तर त्याच रात्री शब्दशः उतरवा. गाळलेली वाक्यं आठवत नाहीत. बोली सुधारू नका, 'व्हतं' असेल तर 'व्हतं'च राहू द्या. आकड्यांच्या बाजूने झारिटचे गुण बऱ्याचदा एका टोकाला झुकलेले असतात. अशा वेळी सरासरी देण्यापेक्षा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्या. दोन गोष्टींचा संबंध तपासणाऱ्या काय-वर्ग चाचणीत तक्त्यातल्या एखाद्या चौकटीत अपेक्षित संख्या पाचच्या खाली आली तर फिशरची चाचणी घ्या. लिंग, धर्म, शिक्षण, पत्र्याचं घर, कौलाचं घर, असं सगळं एकेक करून ताणाशी जोडत बसलात तर वीसात एखादा संबंध योगायोगानेच सापडतो. तपासायचे संबंध आधीच तीन-चार ठरवा. लिहिताना निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोबची २२ मुद्द्यांची यादी, मुलाखतींसाठी कोरेकची ३२ मुद्द्यांची यादी शेजारी ठेवा. परीक्षकांचे निम्मे आक्षेप तिथेच मिटतात.

नाव-पत्ता आणि फॉर्म एकाच फाइलमध्ये ठेवू नका. क्रमांकांची किल्ली वेगळ्या वहीत, कुलपात. गाव लहान असेल तर 'सरपंचांच्या शेजारची, ४२ वर्षांची, तीन मुली असलेली सून' एवढ्यानेही ओळख पटते. नाव गाळणं पुरत नाही.

प्रबंध बांधून झाला, व्हायवा झाली, की पुन्हा एकदा गावात जा. ग्रामसभेत नको, तिथे बायका मागे बसतात. उपकेंद्रातल्या आशांच्या मासिक बैठकीत अर्धा तास मागून घ्या आणि एकच पान न्या, मोठ्या अक्षरातलं, मराठीतलं. माझ्या एका विद्यार्थिनीने त्या पानावर फेरीचा हिशेब तेवढा लिहिला होता. कोण किती वाजता निघतं, कुठे किती वेळ जातो. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि विचारलं, बीपीच्या गोळ्या ज्यांना दर महिन्याला लागतात त्यातले घरातून उठूच न शकणारे किती? यादी विद्यार्थिनीच्या वहीत होती. नावं नव्हे, वाडीनिहाय आकडा. त्या महिन्यापासून त्या वाड्यांवर गोळ्या आशाताईंच्या पिशवीतून जाऊ लागल्या.